गणिताची कार्यपत्रिका समूहावर टाकताना: सोडवण्यापासून दुरुस्त प्रतीपर्यंत

‘फायनल न्यू ३’ नावाची पीडीएफ रात्री साडेनऊला केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, व्हॉट्सॲप समूहावर येते. खाली अंगठे, जोडलेले हात, एखादं गुलाबाचं फूल. फाइल कोणत्या इयत्तेची हे उघडल्याशिवाय कळत नाही, आणि उघडली तरी उत्तरसूची सापडत नाही. मग सुरगाण्याकडच्या एखाद्या शाळेत तिच्या तीस झेरॉक्स निघतात आणि फळ्यापाशी उभं राहिल्यावर लक्षात येतं, की सातव्या उदाहरणाला उत्तरच नाही. हे समूहावर कळवायला जावं तर तोवर वर दोनशे संदेश चढलेले असतात.

नाशिक जिल्ह्यात पंधरा तालुके, प्रत्येक तालुक्यात केंद्रं, प्रत्येक केंद्राचा समूह, वर फेसबुकवरचे गट. साहित्य कमी पडत नाही. चुकतो तो क्रम: लोक आधी टाकतात, मग वाचतात आणि सोडवतात सर्वांत शेवटी, बहुतेकदा वर्गातच. खालचे टप्पे त्याच्या उलट क्रमाने लावले आहेत. उदाहरणं तिसरी ते आठवीची आहेत.

१. छापा आणि पेनाने सोडवा

फाइल स्वतः केलेली असो की दुसरीकडून आलेली, तिची एक प्रत कागदावर काढा आणि पहिल्या उदाहरणापासून शेवटपर्यंत पेनाने सोडवा. ‘सोपीच आहेत’ म्हणून तोंडी सोडवलेल्या पानांवरच चुका राहतात. घड्याळ लावा. मुलांना तुमच्या तिप्पट-चौपट वेळ लागेल असं धरा. तुम्हाला वीस मिनिटं लागली, तर ती कार्यपत्रिका एका तासिकेची नाही.

सोडवताना या जागा मुद्दाम तपासा:

*अशक्य आकृत्या.* काटकोन त्रिकोणाचा कर्ण १० सेमी, कर्णावर टाकलेला लंब ६ सेमी, क्षेत्रफळ काढा. मूल सूत्रात घालून ३० चौसेमी लिहितं आणि उत्तरसूचीतही ३०च असतं. असा त्रिकोण मात्र काढताच येत नाही. कर्ण हा व्यास धरला तर काटकोनाचा शिरोबिंदू त्या वर्तुळावर येतो, म्हणून लंब त्रिज्येपेक्षा, म्हणजे ५ सेमीपेक्षा, मोठा असू शकत नाही. ३, ४ आणि ८ सेमी बाजूंचा त्रिकोण याच जातीतला. संशय आला की पट्टी-कंपास घ्या आणि काढून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

*पाय (π).* वर्तुळाची त्रिज्या १० दिली आणि किंमत सांगितली नाही, तर कोणी ३.१४ घेऊन क्षेत्रफळ ३१४ काढतं, कोणी २२/७ घेऊन ३१४.२९ काढतं आणि समूहावर दोन दिवस वाद चालतो. २२/७ घ्यायचं असेल तर त्रिज्या ७, १४ किंवा ३.५ द्या, ३.१४ घ्यायचं असेल तर १० किंवा २० द्या. कोणती किंमत घ्यायची ते उदाहरणातच लिहा. दोन्ही किमती अंदाजे आहेत, त्यामुळे ‘पाय = २२/७’ असं ठाम विधान चौकटीत छापू नका.

*बाकीचा अर्थ.* पांडवलेण्यांच्या सहलीला १३० मुलं, एका बसमध्ये ४० जागा, किती बस लागतील? उत्तरसूचीत ‘३, बाकी १०’ लिहिलेलं आढळतं. त्या दहा मुलांनी चालत यायचं का? उत्तर ४ बस.

*संख्यामालिका.* २, ४, ८, ? इथे दुप्पट धरली तर १६ येतं, फरक २, ४, ६ असा वाढत नेला तर १४. दोन्ही बरोबर. शिष्यवृत्तीच्या सराव पत्रिकांत हे फार होतं. किमान चार-पाच पदं द्या आणि पर्यायांत दुसरं शक्य उत्तर ठेवू नका.

*अपूर्णांकांची चित्रं.* भाकरीचे चार तुकडे केले, पण असमान, आणि एक रंगवून ‘१/४’ लिहिलं. वर्तुळाला समांतर उभ्या रेघा मारून केलेले भाग तर नेहमीच फसतात, कडेचे भाग लहान राहतात.

*क्रियांचा क्रम.* ‘कंचेभागुबेव’ (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी) पाठ असलेली मुलं १० − ३ + २ मध्ये बेरीज आधी करून ५ काढतात, कारण शब्दात ‘बे’ आधी आणि ‘व’ नंतर येतं. उत्तर ९ आहे. बेरीज-वजाबाकी एकाच पायरीवर, डावीकडून उजवीकडे, भागाकार-गुणाकारही तसेच. पत्रिकेत असं एक तरी उदाहरण ठेवा. ८ ÷ २(२ + २) सारखी कोडी मात्र ‘किती जण बरोबर सांगतात पाहू’ म्हणून टाकू नका. तिथे भांडण गणिताचं नसतं, मांडणीच संदिग्ध असते. जादा कंस घाला, वाद संपतो.

तपासा: उत्तरसूची तुम्ही सोडवलेल्या कागदावरून केली का? मूळ फाइलमधली उत्तरं तशीच उचलली असतील, तर हा टप्पा झालेला नाही.

२. युक्ती असेल तर ती कुठे मोडते तेही लिहा

समाजमाध्यमावर सर्वांत जास्त फिरतात त्या युक्त्या. युक्ती वाईट नसते. ती कुठपर्यंत चालते हे न सांगता टाकली की महिन्याभराने वर्गात बाधते.

११ ने गुणताना दोन अंकांची बेरीज मध्ये लिहा: ३४ × ११ = ३७४. छान. मग मूल ५७ × ११ ला ५१२७ लिहितं. मध्ये १२ आले, त्यातला १ हातचा पुढे जातो आणि उत्तर ६२७ येतं. व्हिडिओत नेमकं हेच उदाहरण नसतं.

‘दहाने गुणताना शून्य लावा’ हे तर पाठ्यपुस्तकाइतकंच प्रमाण मानलं जातं. पाचवीत दशांश अपूर्णांक आले की २.५ × १० = २.५० अशी वही दिसायला लागते. अंक एक स्थान डावीकडे सरकतात हे आधी सांगितलं असतं तर पूर्ण संख्येतही चाललं असतं आणि दशांशातही.

इशारा: युक्ती टाकताना तीन ओळी हव्यातच: ती का चालते, कुठपर्यंत चालते, आणि ती फसते असं एक उदाहरण. या तीन ओळी तुम्हाला लिहिता येत नसतील, तर ती फाइल अजून वर्गासाठी नाही, तुमच्या अभ्यासासाठी आहे.

३. आकडे गावाला पटतील असे आहेत का?

शाब्दिक उदाहरणं दुसरीकडून उचलली की त्यात स्ट्रॉबेरीचा मिल्कशेक आणि मेट्रोचं तिकीट येतं. पेठ-सुरगाण्यात नागली आणि वरई, दिंडोरी-निफाडात द्राक्षं, येवल्यात पैठणी, मालेगावात यंत्रमाग. पण नुसती नावं बदलून भागत नाही, एककही बदलावं लागतं. लासलगावात कांद्याचा भाव क्विंटलमागे बोलतात. ‘कांदा १८ रुपये क्विंटल’ असं छापलं तर निफाडचं पोरगंही हसेल. १,८५० रुपये क्विंटल म्हणजे किलोला १८ रुपये ५० पैसे. हे रूपांतरच एक चांगलं उदाहरण होतं.

संज्ञा बालभारतीच्या पुस्तकातल्याच ठेवा: छेदाधिक, अंशाधिक, सममूल्य, लसावि, मसावि. हिंदी पत्रिकेचं घाईत मराठी केलं की ‘भिन्न’ (अपूर्णांक) आणि ‘जोड’ (बेरीज) राहून जातात. सेमी-इंग्रजी वर्गासाठी वेगळी प्रत करा. एकाच पानावर दोन्ही भाषा कोंबल्या की कोणालाच वाचता येत नाही.

पान क्रमांक सांगू नका, घटकाचं नाव आणि उदाहरणसंचाचा क्रमांक सांगा. २०२३-२४ मध्ये कोरी पानं घातलेली, चार भागांची पुस्तकं आली, तेव्हा पानांचे आकडे बदलले. जुन्या-नव्या प्रती एकाच शाळेच्या कपाटात मिळतात. ‘पान ४२ पाहा’ म्हटलं की निम्मे लोक भलत्याच धड्यावर पोचतात. पुस्तकाचं वर्षही लिहा.

४. फाइल बनवा: दुसऱ्याच्या फोनवर आणि झेरॉक्सवर टिकेल अशी

वर्डची फाइल तशीच पाठवू नका. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर समोरच्याकडे तो फॉन्ट नसेल तर अगम्य अक्षरांत उघडतो, आणि अपूर्णांकातली रेघ एकीकडे, छेद दुसरीकडे जातो. पीडीएफ करा. बदल करायला हवी असेल तर वर्डची प्रत वेगळी द्या, युनिकोडमध्ये.

पानाचा फोटो काढून टाकणं हा सर्वांत वाईट मार्ग. व्हॉट्सॲप साधा फोटो दाबून लहान करतं. त्यात आधी काय जातं? दशांशचिन्ह. २.५ चे २५ होतात आणि धूसर छपाईत १ आणि ९ सारखेच दिसतात. फोटोच द्यायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा. पण एक लक्षात ठेवा: असा जोडलेला फोटो मूळ रूपात जातो, म्हणजे कॅमेऱ्यात ठिकाण नोंदवणं चालू असेल तर ते ठिकाणही सोबत जातं. ते आधी बंद करा किंवा फोटोची पीडीएफ करून पाठवा.

मापं अशी ठेवा:

– कागद ए४, चारही बाजूंना २ सेमी समास. पाठपोट दोन पानांत बसवा, तिसऱ्या पानावर दोनच ओळी जात असतील तर उदाहरणं कमी करा.
– तिसरी ते पाचवी अक्षर १४ पॉइंट, पुढे १२. लिहायच्या ओळींत १ सेमी अंतर. पाचवीखाली थोडं जास्तच.
– दशांशचिन्ह ठळक, आणि .५ नाही, ०.५.
– रंगाऐवजी रेघा आणि ठिपके. लाल-हिरवे भाग झेरॉक्समध्ये एकसारखे राखाडी निघतात, आणि मग ‘लाल भाग किती?’ या प्रश्नाला काही अर्थ राहत नाही.
– पार्श्वभूमीला फुलं, फुगे, शाळेचा शिक्का नको. शाई खातात आणि आकडे गिळतात.

भूमितीसाठी एक खास सूचना, कारण इथे जवळजवळ सगळेच फसतात. ‘रेषाखंड मोजा’ असं उदाहरण असेल आणि दुकानदाराने ‘फिट टू पेज’ ठेवून छापलं, तर तुमचा ६ सेमीचा रेषाखंड ५.७ चा निघतो. वर्गातली सगळी मुलं एकच ‘चुकीचं’ उत्तर देतात आणि शिक्षक पट्टीला दोष देतात. पानाच्या तळाशी बरोबर १० सेमीची एक रेघ काढा, तिच्याशेजारी लिहा: ‘ही रेघ १० सेमी भरली पाहिजे; नसेल तर १०० टक्के मापाने पुन्हा छापा.’

फाइलचं नाव: इयत्ता, घटक, आवृत्ती. ‘५वी-दशांश-तुलना-आ१’. ‘नवीन’, ‘फायनल’, ‘लेटेस्ट’ हे शब्द नावात नकोत, कारण पुढच्या आठवड्यात ते खोटे ठरतात.

तपासा: फाइल आधी एकाच सहकाऱ्याला पाठवा. त्यांच्या फोनवर उघडू द्या, एक प्रत झेरॉक्स करू द्या, आणि उत्तरसूची न देता पहिली पाच उदाहरणं सोडवू द्या.

५. हक्क आणि मुलांची नावं

बालभारतीची पुस्तकं पीडीएफ रूपात त्यांच्या संकेतस्थळावर मिळतात. पानं कापून नव्या फाइलमध्ये चिकटवण्यापेक्षा दुवा द्या. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये अध्यापनाच्या ओघात केलेल्या नकलेला सवलत आहे. पण खासगी प्रकाशनाचं आख्खं मार्गदर्शक स्कॅन करून हजार जणांच्या समूहावर टाकणं म्हणजे अध्यापनाचा ओघ नव्हे. दुसऱ्याच्या पत्रिकेवरचं नाव पुसून आपलं टाकणं, याबद्दल वेगळं लिहायची गरज नसावी. पण रोज दिसतं.

मुलाची वही दाखवायची असेल तर फक्त उदाहरणापुरता भाग कापा. नाव, हजेरी क्रमांक, शाळेचा शिक्का, चेहरा काहीही नको. चुकलेलं उदाहरण आणि मुलाचं नाव एका फोटोत कधीच नको. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागितली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी तो फोटो गावातल्याच समूहावर परत येतो.

६. सोबतचा मजकूर

फाइलसोबत ‘सर्वांना उपयुक्त’ एवढंच लिहिलं तर कोणाला उपयुक्त हे कोणालाच कळत नाही. नमुना असा:

> इयत्ता ५वी, गणित, मराठी माध्यम.
> घटक: दशांश अपूर्णांकांची तुलना.
> आधी यायला हवं: दशांश व शतांश स्थान, १/१० = ०.१.
> २ पानं, १२ उदाहरणं, एक तासिका. उत्तरसूची वेगळ्या फाइलमध्ये.
> मुलं अडतात ती जागा: ०.३५ आणि ०.४. पस्तीस चारपेक्षा मोठे, म्हणून ०.३५ मोठी म्हणतात. आधी ०.४० लिहून घ्या.
> स्वतः तयार केली आहे. बदलून वापरा, विकू नका.
> विचारायचं आहे: उदाहरण ५ मधली संख्यारेषा मुलांना वाचता येते का?
> आवृत्ती १.

शेवटून दुसरी ओळ सर्वांत महत्त्वाची. ‘अभिप्राय द्या’ म्हटलं की अंगठे मिळतात. एका उदाहरणाबद्दल एक प्रश्न विचारला की उत्तर मिळतं. ‘मुलं अडतात’ ही ओळ लिहायला सुचत नसेल तर पत्रिका अजून वर्गात वापरलेली नाही. तसं स्पष्ट लिहा, त्यात कमीपणा नाही.

उत्तरसूची वेगळी का? एकत्र असेल तर तीच फाइल पालकांच्या समूहावर जाते आणि गृहपाठ उत्तरांसकट घरी पोचतो.

७. टाकणं

दुपारी शाळा चालू असताना नको, रात्री दहानंतर नको. हा शिष्टाचार आहेच, शिवाय संध्याकाळी सहा-सातला टाकलेलं त्याच दिवशी उघडलं जातं. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठकडे नेटवर्क रेंगाळतं, म्हणून पीडीएफ दोन-तीन एमबीच्या आत ठेवा आणि व्हिडिओ असेल तर दुवा द्या.

ड्राइव्हचा दुवा देत असाल तर परवानगी ‘दुवा असलेली कोणतीही व्यक्ती’ आणि ‘फक्त पाहणं’ अशी ठेवा. पहिली विसरलात तर चाळीस जणांचे ‘प्रवेश द्या’ असे मेल येतात. दुसरी विसरलात तर कोणीतरी चुकून तुमच्याच फाइलमधली अर्धी उदाहरणं पुसतं.

तपासा: दुवा ब्राउझरच्या खासगी खिडकीत, लॉगिन न करता उघडून पाहिला का?

८. चर्चा: चूक कशी दाखवायची, कशी घ्यायची

‘चुकीचं आहे’, ‘आधी नीट बघा’, ‘अशाने मुलांचं नुकसान होतं’. या तिन्ही वाक्यांत गणित नाही. चूक सांगताना जागा, कारण आणि दुरुस्ती, तिन्ही एकाच संदेशात हवीत, आणि तो मूळ फाइलला ‘रिप्लाय’ करूनच लिहायचा, म्हणजे नंतर येणाऱ्यालाही सापडतो:

> सर, पान २, उदाहरण ७. कर्ण १० असताना त्यावरचा लंब ५ पेक्षा मोठा येऊ शकत नाही. लंब ४.८ केला तर बाजू ६ आणि ८ मिळतात, क्षेत्रफळ २४. बाकीचं पान वापरलं, चाललं.

गणिताची चूक समूहावरच सांगावी, कारण फाइल समूहानेच घेतली आहे. खासगीत सांगितलं तर दुरुस्ती एकालाच कळते. छपाईची चूक, शुद्धलेखन, मांडणी हे मात्र खासगीत चालेल. टाकणाऱ्याने ‘धन्यवाद मॅडम, दुरुस्त करतो’ एवढंच लिहावं. ‘टायपिंग मिस्टेक होती’ हा खुलासा कोणी मागितलेला नसतो.

एका पानाच्या फोटोवरून पुस्तकावर तुटून पडू नका. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकातल्या ‘वीस एक, वीस दोन’ या संख्यावाचनावरून मोठा गदारोळ झाला. ‘एकवीस, बावीस’ ही नेहमीची नावंही त्याच पुस्तकात होती, पण फिरणाऱ्या फोटोंच्या गर्दीत ते मागे पडलं. खरा प्रश्न वर्गाचा होता: लिहिताना दशक आधी आणि बोलताना एकक आधी, याने मूल २१ ऐवजी १२ लिहितं का? त्यावर वह्या पाहून बोलता आलं असतं. बोललं गेलं ते भाषेच्या अस्मितेवर. पुस्तकातलं काही खटकलं तर आधीचं पान, नंतरचं पान आणि शिक्षकांसाठीची सूचना, तिन्ही जोडून मगच टाका.

इशारा: चर्चा तीन-चार उत्तरांनंतर व्यक्तीवर घसरली, तर ॲडमिनने ती थांबवावी आणि मूळ उदाहरण पुन्हा एकदा लिहावं. हा तिढा केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, शिक्षण परिषदेत, फळ्यावर पाच मिनिटांत सुटतो.

९. दुरुस्त प्रत

व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर पंधरा मिनिटांत बदलता येतो, फाइल बदलता येत नाही. ‘सर्वांसाठी हटवा’ केलं तरी पुढे गेलेल्या प्रती तशाच राहतात. म्हणून नुसती नवी फाइल टाकून गप्प बसू नका. क्रम असा: जुनी हटवा, नव्या फाइलच्या नावात ‘आ२’ लिहा, पहिल्या पानावर वरच्या कोपऱ्यात बदल लिहा (‘उदाहरण ७ बदललं, उत्तर १० दुरुस्त’), मगच टाका, आणि संदेश सात दिवसांसाठी पिन करा. ज्यांनी जुनी छापली आहे त्यांच्यासाठी फक्त बदललेलं उदाहरण मजकुरातच द्या. त्यांनी तीस झेरॉक्स पुन्हा काढायच्या का?

फाइल ड्राइव्हवर असेल तर संगणकावरून त्याच फाइलच्या ‘आवृत्त्या व्यवस्थापित करा’ मध्ये जाऊन नवी प्रत चढवा. दुवा तोच राहतो आणि जुन्या संदेशातूनही नवी फाइल उघडते.

दोन महिन्यांनी तीच आ१ दुसऱ्या तालुक्यातून, दुहेरी बाण आणि ‘अनेकदा फॉरवर्ड केलेलं’ अशी खूण घेऊन परत येईल. तेव्हा चिडून उपयोग नाही. तिला रिप्लाय करून लिहा: ‘यात उदाहरण ७ चुकलेलं आहे, आ२ इथे’, आणि खाली दुवा.